पठारावर नसलेली टिटवी

पठारावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या आधीची गोष्ट. तेव्हा सरकारी दप्तर घोरपडीच्या बिळात असे. टिटवीची चार अंडी पठारावर उघड्यावरच होती, म्हणून तिने अर्ज केला, की चक्क्यांना परवानगी कशी दिली तो कागद बघू द्या.

महिनाभर हेलपाटे घालायला लावून घोरपड म्हणाली, "टिटवीबाई, दप्तर सगळ्यांना खुलं आहे. फक्त लांबून वाचायचं."

टिटवीने मान वाकडी करून वाचलं. 'जागेची पाहणी केली. पठारावर एकही पक्षी राहत नाही.' खाली घोरपडीची सही.

"अहो, मी तिथंच राहते. अंडी आहेत माझी. या कागदाची नक्कल द्या."

"दप्तरात तुम्ही नाही. आणि जो नाहीच, त्याला नक्कल देता येत नाही."

टिटवीने कागद चोचीत धरला आणि सरळ उडाली. वारा अगदी पडलेला होता. पठारावर कागद पसरून तिने तो आपल्या नेहमीच्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवला.

कागद कुठे गेला, अशी वरून विचारणा आली. पक्ष्याने नेला म्हणावं, तर पठारावर पक्षी आहे हे कबूल करावं लागणार. घोरपडीने बराच वेळ डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'वाऱ्याने उडाला.'