ठकीची मात्रा

“वय चार. त्यात बारा मिळवले की सोळा. चाराला सोळाने भागलं की पाव. मोठ्या माणसाच्या मात्रेचा पाव हिस्सा द्यायचा. असंच ना, नाना?” हेरंबने विचारलं.

भार्गवनाना वैद्य ठकीकडे पाहत होते.

ठकी तापाने फणफणली होती. डोंगरावरच्या कातकरवाडीतून तिची आई जानकी तिला कडेवर घेऊन चालत आली होती. उंबऱ्याशी बसली होती, पोरीला पदरात गुंडाळून.

हेरंबला नानांच्या हाताखाली येऊन सहा महिने झाले होते. कॉलेजात पहिला आलेला. असली सूत्रं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. त्याने औषध तोललं, पुडी बांधली.

“देऊ?”

“हिला घे.”

“आधी पुडी देतो…”

“पुडी ठेव. हिला घे.”

हेरंब जरा घुश्श्यातच उठला. चार वर्षांचं मूल उचलायचं म्हणून त्याने वाकून जोर लावला… आणि तो जोर वायाच गेला. पदराच्या त्या गुंडाळीत जणू कुणी नव्हतंच.

ठकीने आपलं तापलेलं डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. त्याच्या तळव्याला तिची एकेक बरगडी लागत होती.

“ही खाते काय?” त्याने जानकीला विचारलं. आवाज खाली आला होता.

“दिवाळीपास्नं नुसती पेज पिते. भाकर नको म्हनते.”

हेरंबने तिला खांद्यावर नीट घेतलं. मग तिला खाली न ठेवता, एका हाताने पुडी सोडली. औषध पुन्हा तराजूत घातलं. निम्मं काढलं. थांबला… आणखी चिमूटभर काढलं.

नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली.

मधात कालवून त्याने ते बोटाने तिला चाटवलं.

दुपार कलली. ठकीच्या कपाळावर घाम आला, अंग निवू लागलं. जानकीचाही भिंतीला टेकून डोळा लागला. हेरंब मात्र पोरीला खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या घालत होता.

शेवटी त्याला राहवेना.

“नाना, ते सूत्र खोटं आहे का?”

“खरं आहे.”

“मग मी मात्रा कमी केली, ती…”

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. झोपलीय ती.”