पाळण्याचा आवाज

बार्शीच्या मंगलताई बोधल्यांनी मोबाइलवर जाहिरात टाकली: ‘सागवानी पाळणा विकणे आहे. माझी तीन लेकरं यातच वाढली. हलवला की करकरतो.’

दुसऱ्याच दिवशी निवृत्त फौजदार काळदाते पाळणा बघायला आले. सोबत त्यांची लेक आणि रडून रडून लाल झालेलं तिचं बाळ. घासाघीस न करता वस्तू घेण्यात फौजदारांना कमीपणा वाटायचा. पंचनामा करावा तसे ते पाळण्याभोवती फिरले आणि दोरी ओढून गरजले, “केवढा हा आवाज! निम्मी किंमत देईन.”

मंगलताईंनी लेकीच्या हातून बाळ अलगद घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि झोका दिला. कर्र... कर्र... रडणं हळूहळू थांबलं आणि बाळाचे डोळे मिटले.

“झोपलं ते ठीक,” फौजदार म्हणाले, “पण दोष तो दोषच. आवाजाचे पैसे मी देणार नाही.”

“नका देऊ,” म्हणत मंगलताई तेलाची बाटली घेऊन आल्या. “कड्यांना तेल सोडते आणि आवाज मीच ठेवून घेते. पाळणा न्या निम्म्या किमतीत. फक्त घरी बाळ रडायला लागलं, की ‘कर्र कर्र’ तुम्ही तोंडाने करायचं.”

लेकीने हसू दाबायला ओढणी तोंडाशी धरली. फौजदारांनी झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. मग बाटलीवर हात ठेवून ते आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजले, “ताई, बूच लावा. पूर्ण किंमत देतो. आवाजासकट द्या.”