काळुरामाची रेघ

दहा पिना पाडायच्या बोलिंगच्या खेळातले चेंडू स्वतःच्या मर्जीनं धावत, त्या काळातली ही गोष्ट. सकाळी धावायच्या लाकडी पट्टीवर ताजं तेल होतं; तेलावर चेंडू सरळ घसरतो, कोरड्या जागी वळतो. काळुराम नावाचा चेंडू उजव्या कडेनं सुटला, शेवटी अलगद वळला आणि दहाही पिना आडव्या झाल्या.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या धावण्यानं कडेचं तेल पुसलं गेलं. काळुराम आता फार लवकर वळायचा आणि एकही पिन न पाडता थेट पट्टीच्या डावीकडच्या नालीत पडायचा.

"काका, मधे अजून तेल आहे, तिकडून जा की," धाकटा गुलाबी चेंडू म्हणाला.

"आमच्या घराण्यात धावायची रेघ बदलत नाहीत!" काळुराम गरजला आणि पुन्हा नालीत गेला.

संध्याकाळी त्याचा जाहीर सत्कार झाला. "असा तत्त्वाचा चेंडू पुन्हा होणे नाही," असं गहिवरून भाषण झालं. सत्कार ठेवला होता पिनांनी. दहाच्या दहा उभ्या होत्या.