जैतूनने बंदुकीला विचारलं

तीस पावलांवर टांगलेल्या सुपारीवर जगदेवराव महाराजांचा नेम सलग अकराव्या दिवशी लागला नाही, तेव्हा खडकवणच्या दरबारात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला.

महाराजांचा हात चुकणं शक्यच नव्हतं. तसं दरबाराने आधीच ठरवून टाकलं होतं. बंदूक विलायतेहून आलेली, हवेच्या दाबावर छर्रा फेकणारी. ती महाराजांनी स्वतः पसंत केलेली, म्हणून तीही निर्दोष. उरला शिलेखान्यातली हत्यारं सांभाळणारा म्हातारा बाबालाल शिकलगार. त्याची बाजू घेणारं कुणी नव्हतं, त्यामुळे गुन्हेगार सापडायला फार वेळ लागला नाही.

"तीन दिवसांत बंदूक नेमकी चालली पाहिजे," महाराजांनी फर्मावलं. "पण तिला कानस लावायची नाही, स्क्रू फिरवायचा नाही, कणभरही बदल करायचा नाही. आणि आमच्या हाताबद्दल एक शब्द ऐकणार नाही. जमलं नाही तर शिलेखाना सोडून चालते व्हा."

"वा, काय न्याय आहे," दिवाण नारोपंत म्हणाले. न्याय कुठलाही असो, नारोपंत इतकंच म्हणत.

बाबालाल घरी येऊन मटकन खाली बसला. "दुरुस्त करायची, पण बदल करायचा नाही. पोरी, बोचकं बांधायला घे."

त्याची मुलगी जैतून लहानपणापासून बापाबरोबर बंदुकीच्या नळ्या पुसत आली होती. तिने विचारलं, "बंदुकीत बदल नको म्हणाले. छर्ऱ्यांबद्दल काय म्हणाले?"

"छर्ऱ्यांबद्दल काय म्हणणार? काहीच नाही."

"मग बोचकं राहू द्या, अब्बा."

तिसऱ्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर दरबार भरला. जैतूनने शिलेखान्यातले छर्ऱ्यांचे पाचही डबे मांडले होते. त्यातली मखमली पेटी महाराजांची. तिच्यात सोन्याचं पाणी दिलेले, टोकदार, महागाचे छर्रे. सगळ्यात कडेला एक पोचे आलेला पत्र्याचा डबा होता. त्यात गोल डोक्याचे, मळकट शिशाचे छर्रे होते. बागेतला माळी त्यांनी कावळे हाकलायचा.

"हा कचरा महाराजांच्या बंदुकीत घालणार?" नारोपंतांनी नाकाला उपरणं लावलं. "राजाच्या बंदुकीला राजाला शोभेल असाच छर्रा हवा."

"दिवाणजी, बंदुकीला दरबारी रीत कुठली ठाऊक असायला," जैतून म्हणाली. "तिला फक्त आपल्या नळीत काय नीट बसतं तेवढं कळतं."

तिने वाळूच्या पिशव्या रचल्या आणि बंदूक त्यांच्यात घट्ट रोवली. "सरकार, हात कुणाचाच नको. आपलाही नको, माझाही नको. मी नुसता चाप ओढते. प्रत्येक डब्यातले पाच छर्रे, प्रत्येक डब्याला वेगळा कागद."

आधी सोनेरी छर्रे. भरतानाच एक नळीच्या तोंडाशी अडून बसला, अंगठ्याने रेटावा लागला. दुसरा सैल पडून आत घरंगळला. सोन्याचं पाणी कुठे जाड बसलेलं, कुठे पातळ. पाच बार झाले आणि कागद आणला, तर कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी भोकं चारी दिशांना. पाचवं तर सापडलंच नाही.

पुढच्या तीन डब्यांचे कागद थोडे बरे होते. मग पत्र्याचा डबा उघडला. पाचही छर्रे सारख्याच दाबाने नळीत बसले. कागद आला. पाचही भोकं एका बोराएवढ्या जागेत एकमेकांना चिकटली होती.

महाराज कागदाकडे पाहत राहिले. मग उठले, माळ्याचा छर्रा भरला, बंदूक खांद्याला लावली. पहिला बार सुपारीच्या दोऱ्याला चाटून गेला. दुसऱ्याला सुपारीचे तुकडे उडाले.

दरबार टाळ्या वाजवू लागला. महाराजांनी हात वर करून गप्प बसवलं. त्यांचा चेहरा काही खुलला नव्हता.

"म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीचे छर्रे वापरले, असं तुझं म्हणणं?"

बाबालाल मुलीला मागे ओढू लागला. जैतून मात्र शांत होती.

"नाही सरकार. इथं दिवाणजींना विचारलं, व्यापाऱ्याला विचारलं, मखमलीला विचारलं. बंदुकीला तेवढं कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तिनं सांगितलं."

महाराजांच्या मिशा जरा हलल्या. "चांगली परीक्षा आहे. माणसांची होते का अशी?"

"होते की. माणसाला एका जागी बसवायचं आणि एकच प्रश्न पाचदा विचारायचा. उत्तरं एका ठिकाणी पडली तर माणूस ठेवायचा. विखुरली तर नको, पेटी कितीही चकचकीत असू दे."

महाराज सावकाश वळले. "दिवाणजी, बसा. सोनेरी छर्रे कुणी निवडले?"

"महाराजांच्याच मर्जीनं," नारोपंत म्हणाले.

"कुणी निवडले?"

"म्हणजे, व्यापाऱ्यानं फार गळ घातली."

"कुणी निवडले?"

"राणीसाहेबांना पेटी पसंत पडली होती."

"कुणी?"

"खरं तर बाबालालनं तेव्हाच अडवायला हवं होतं."

"शेवटचं विचारतो. कुणी निवडले?"

नारोपंतांनी घाम पुसला. "कसले छर्रे, महाराज?"

जगदेवराव महाराज हसू लागले. इतके हसले, की बंदूक बाबालालच्या हातात देऊन त्यांना मांडीवर हात मारावे लागले. डोळे पुसत ते म्हणाले, "बाबालाल, शिलेखाना तुमचाच. तुम्ही हयात असेपर्यंत तिथून कुणी हलवणार नाही. आणि पोरी, आजपासून संस्थानातले छर्रे तू निवडायचेस."

जैतूनने वाकून मुजरा केला.

"थांब, झालं नाही अजून," महाराज म्हणाले. "उद्यापासून नवा दिवाण शोधायचा आहे. तू आमच्या शेजारी बसायचं. प्रश्न पाचदा तूच विचारायचा."