इंगवलेसाहेबांची सीट

कोल्हापुरातल्या जर्मन गाड्यांच्या क्लबाचे अध्यक्ष अभयसिंह इंगवले म्हणजे सहा फुटी धिप्पाड गडी. दर रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्याशी गाड्या जमल्या, की त्यांचं एकच पुराण सुरू व्हायचं: जुन्या पिढीची सेडान तीच खरी, नंतरच्या सगळ्या म्हणजे चाकं लावलेले सोफे!

त्या रविवारी त्यांनी फर्मानच काढलं. "नव्या पिढीच्या गाड्या क्लबातून बाद! आमच्या गाडीचं स्टिअरिंग चालवणाऱ्याशी बोलतं. आजही मीच चालवत आलोय. ड्रायव्हरला मी हातसुद्धा लावू देत नाही."

नव्या पिढीची दोन दारांची कूपे गाडी चालवणाऱ्या वैदेही कोरगावकरांना हे काही पचेना. साहेब दर वेळी सगळ्यांच्या आधीच कसे पोचतात? त्यांना गाडी चालवताना आजवर कुणी पाहिलंय का? त्यांनी हळूच साहेबांच्या गाडीत डोकावून पाहिलं. उजवीकडची, स्टिअरिंगमागची सीट पार पुढे सरकवलेली होती आणि तिच्या मागे पाय पसरायला ऐसपैस जागा.

"साहेब, मी आत्ता क्लब सोडते," त्या म्हणाल्या. "फक्त सीट न हलवता स्टिअरिंगवर बसून दाखवा."

साहेब ऐटीत वाकले. एक पाय कसाबसा आत गेला, गुडघा स्टिअरिंगखाली अडकला आणि बाकीचे साहेब दाराबाहेरच राहिले.

तेवढ्यात चहाच्या टपरीमागून त्यांचा बुटका ड्रायव्हर धावत आला. "थांबा साहेब, सीट माझ्या मापाची हाय!"

वैदेहीबाई हसल्या. "स्टिअरिंग बोलतं हे अगदी खरं, साहेब. पण ते यांच्याशी बोलतं."