खापरदरीत मडकं वाजवून घेत नाहीत

खालच्या विहिरीपासून खिंडीकडे चढायला लागलं की उजव्या हाताच्या कातळावर एक ओली काळी रेघ दिसते. ती वाकडीतिकडी वर जाते आणि खिंडीतल्या उभ्या धोंड्यापाशी संपते. वैशाखात सगळा डोंगर भाजून निघतो, तरी ती रेघ सुकत नाही. येणारे तिला हात लावतात आणि वर कुणी पाणी सोडलंय का म्हणून माना वर करून बघतात. बघा खुशाल. वर टाकी नाही, नळ नाही, काही नाही.

धोंड्यापलीकडे उतरलं की खापरदरी. कुंभारांची वस्ती. तिथं मडकं घ्यायचं असेल तर बोटानं टकटक करायची नाही. बाकी सगळ्या मुलखात मडकं वाजवूनच घेतात, इथं घेत नाहीत. वाजवलंत तर कुंभारीण ते मडकं उचलून आत नेते, आणि तुम्हाला दुसरंही देत नाही. आणि मडक्याच्या पोटाला बोटानं दाबल्यासारखी एक खळी असते, तिला खोट समजायचं नाही. ती मुद्दाम असते. कशासाठी, ते असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा कुंभार विहिरीजवळच्या गावातच राहत. त्यांत हौसाबाई नावाची एक विधवा होती आणि तिचा एकुलता एक केरबा. नवरा गेला तेव्हा केरबा रांगत होता. बाईनं माती तुडवली, मडकी भाजायचा आवा लावला, बाजारात डोक्यावरून मडकी नेली आणि पोराला चाकावर बसवलं. आवाज चढवून बोलताना तिला कुणी ऐकलं नाही म्हणे. मडकं हातात आलं की मात्र आधी बोटाच्या पेरानं वाजवायची. खणखणलं तर ठेवायची, बद्द वाजलं तर फोडायची. लेकाचंही फोडायची, पण त्याला दिसणार नाही असं, घरामागं जाऊन.

त्या वर्षी केरबाची सोयरीक ठरत आली होती आणि नेमकं तेव्हाच गावात कुजबुज सुरू झाली. भर दुपारी, माणूस सावली सोडत नाही अशा वेळी, हौसाबाई भरली घागर डोक्यावर घेऊन डोंगराला लागते. घंटा-दीड घंट्यानं रिकामी घागर घेऊन येते. विचारलं तर म्हणते, शेण्या वेचाया गेले होते. शेण्या वेचायला भरली घागर कशाला लागते?

केरबाचा चुलतभाऊ सुभाना. त्यानं हे बोलून दाखवलं. चाकाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुझी आई डोंगराला पाणी पाजती व्हय रं? तिथं कुणीतरी बसलेला असंल, म्हणून पाणी जातंय. पोरीकडच्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक विसर."

केरबा त्याच्यावर धावून गेला खरा. पण संशय काही सुभानाबरोबर गेला नाही, घरातच राहिला. आई भाकरी वाढायची तेव्हा केरबा तिच्या पायांकडे बघायचा, धूळ कुठली लागली आहे ते. ती हसली की का हसली, आणि गप्प बसली की कुणाच्या आठवणीत, असं सगळं त्याला दिसायला लागलं. सरळ विचारायचं धाडस नव्हतं. पाठोपाठ जावं तर उघडा डोंगर, ती वळली की दिसणार. मग त्यानं कुंभाराची अक्कल चालवली, तीही वाईट कामाला.

त्यानं एक नवी घागर घडवली. कच्ची असताना तिच्या पोटाला खालच्या अंगानं बाभळीच्या काट्यानं एक भोक पाडलं आणि तशीच ती आव्यात भाजली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जुनीचा काठ उडालाय, ही घे. स्वतः विहिरीवर गेला, घागर भरून दिली, स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. ठेवताना भोक मागं येईल अशी फिरवली. वाटेवर थेंब पडत जाणार आणि थेंबांमागं हा जाणार.

भरण्याआधी हौसाबाईनं सवयीनं बोट वर केलं होतं. मग लेकाकडं बघितलं आणि हात खाली घेतला. न वाजवता घेतली. केरबानं ते बघितलं. तरी त्यानं घागर भरली. "आज माझ्या लेकानं घागर उचलून दिली," एवढं बोलून ती चालायला लागली. पाठीवर पाणी आलं असेल, पण नवं मडकं पाझरतंच, तिनं तेच धरलं असणार.

केरबा थेंब बघत निघाला. तापल्या कातळावर ते लगेच वाळत होते, त्याला घाई करावी लागली. खिंडीच्या अलीकडे थेंब संपले. तो एका धोंडीआड बसला. थोड्या वेळानं आई खाली उतरली, रिकामी घागर घेऊन, जवळजवळ पळत. विहिरीवर गेली आणि भरून परत आली. एवढी कसली ओढ, केरबाचा जीव जळाला. ती दुसऱ्यांदाही रिकामी उतरली. या खेपेला पदराचा कोपरा फाटलेला होता. पदर कुठं फाटला, हेही त्याला विचारावंसं वाटलं नाही. त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

तिसऱ्या खेपेला तिनं घागर कमरेवर घेतली होती. एक हात घागरीखाली दडवलेला. ती अडखळत होती, तोंड लालभडक झालेलं. आईच्या तोंडाकडे केरबानं बघितलंच नाही. त्याला तो दडवलेला हात तेवढा दिसला. हातात काय लपवलंय? या वेळी ती उतरली नाही. सापडली, असं मनात म्हणत तो वर गेला.

खिंडीत हौसाबाई धोंड्याला टेकून बसली होती. मांडीत अर्धी भरलेली घागर. उजव्या हाताचं बोट घागरीच्या भोकात रुतवलेलं, पेर सोलवटून रक्त आलेलं. भोकात आधी कोंबलेली पदराची चिंधी पायाशी पडली होती. आणि धोंड्यापलीकडे वीस हातांवर पाचसहा माणसं उभी होती, हातापायांना फडकी बांधलेली. रक्तपिती म्हणजे महारोग झाला म्हणून गावानं ज्यांना खिंडीपलीकडे हाकललं होतं, ती. गावानं त्यांना मेलेलं धरलं होतं. धोंडा ओलांडला तर दगड मारू, असं त्यांना बजावलेलं होतं. बाई समोर पडत होती तरी त्यांना पुढे येता येत नव्हतं. ती माणसं नुसत्या हाका मारत होती.

ती लेकाला का बोलली नव्हती, तेही उघड आहे. पाणी नेतेय हे कळलं असतं तर त्या घरचं मडकं कुणी विकत घेतलं नसतं आणि केरबाला पोरगी कुणी दिली नसती. काही लोक म्हणतात, त्या माणसांत तिचा भाऊ होता. मला पटत नाही. पाणी द्यायला भाऊच लागतो, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल म्हणावं.

केरबा खाली बसला. त्यानं घागरीला हात लावला. म्हणाला, "आई, घागर..."

ती म्हणाली, "मातीत खडा राहिला असंल बाबा. व्हतं असं." मग म्हणाली, "माझं बोट नुसतं काढू नगंस, पाणी जाईल. आधी त्यास्नी दे."

कच्च्या मातीतला खडा आव्यात फुटतो आणि भोक पडतं, हे खरं आहे. पण ते भोक वेडंवाकडं असतं. काट्याचं भोक गोल असतं. जन्म मातीत गेलेल्या बाईला हे कळलं नसेल होय? बोट तर तिचंच त्यात होतं.

केरबानं आईच्या बोटाच्या जागी आपलं बोट घातलं, धोंडा ओलांडला आणि एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. शेवटची ओंजळ भरून मागं वळला तेव्हा धोंड्याला टेकल्या जागीच तिचा जीव गेलेला होता.

तो पुन्हा खाली गावात राहायला गेला नाही. सोयरीक मोडली, ती मोडू दिली. चाक खिंडीपलीकडे आणलं आणि त्या माणसांना रोज विहिरीचं पाणी नेऊन दिलं. त्याची मडकी बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं म्हणे. पुढे सुभानाच आला. केरबानं मडकं पुढं केलं, सुभानानं वाजवायला बोट उचललं आणि केरबाच्या तोंडाकडं बघून खाली घेतलं. खापरदरीचं पहिलं मडकं असं विकलं गेलं.

कातळावरचे ते थेंब मात्र पुन्हा कधी वाळले नाहीत.

आजही खापरदरीत ओल्या मडक्याच्या पोटाला बोट दाबल्याशिवाय ते आव्यात जात नाही. आजही एखादं मडकं गळकं निघालं की गिऱ्हाईक ते परत घेऊन येतं. कुणाच्या हातचं, चूक कुणाची, असं कुणी विचारत नाही. कुंभारीण दुसरं मडकं काढून देते आणि म्हणते, मातीत खडा राहिला असंल.