आतून लावलेली कडी

"पहार आहे की नाही, एवढंच सांगा चाचा."

सुहास निकमने हे दुसऱ्यांदा विचारलं. हातिमभाई स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत.

कराडच्या सोमवार पेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. त्यांच्या वडिलांनी ते मांडलं, आता ते स्वतः आणि त्यांची बायको सकीनाबेन चालवतात. खिळे, बिजागऱ्या, नळाचे वायसर, कुलपं, सुतळी. पाटीवरचं नाव पेठेत कुणी घेत नाही. लोक नुसतं म्हणतात, चाचांकडे मिळेल.

सुहासला या दुकानाचा कंटाळा होता. तो इंजिनिअर. पुण्यातल्या कारखान्यासाठी यंत्रांची ड्रॉइंग करायचा. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तेच काम तो गावी घरात बसून करत होता. कधी स्क्रू हवा असला तर तो माप लिहून आणायचा, आणि चाचा विचारायचे, कशाला बसवणार आहेस? लाकूड आहे की पत्रा? भिंत ओली आहे का? सुहासला वाटायचं, मी माप सांगितलंय, याला काय करायचंय बाकीचं? शेवटी तो सगळं फोनवरूनच मागवायला लागला होता.

पण त्या दिवशी फोनवरून मागवायला वेळ नव्हता.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, न्हाणीघरात गेले होते. आतून कडी लावून घेतली होती. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. अर्धा तास झाला, अण्णा आतून काहीतरी बोलत होते, पण झटक्यानंतर त्यांचे शब्द नीट उमटत नसत. दार उघडत नव्हतं. हे सगळं सुहासने एका दमात सांगितलं होतं.

हातिमभाईंनी विचारलं, "दार आत उघडतं की बाहेर?"

"आत."

"अण्णा कुठंयत?"

"आतच की. सांगितलं ना."

"दारापासून किती लांब?"

सुहासने वळून घराच्या दिशेने बघितलं.

त्याला माहीत नव्हतं.

आवाज कुठून येत होता ते तो आठवायला लागला. खालून येत होता. अगदी जवळून. आणि मग त्याला कळलं की अण्णा दाराला टेकून बसलेले आहेत, आणि त्याने पहार घातली असती तर दार कुणाच्या अंगावर गेलं असतं. "दाराला टेकूनच बसलेत," तो म्हणाला. त्याने काउंटरची कड धरली.

हातिमभाईंनी मागे न बघता सकीनाबेनला सांगितलं, निकमांच्या न्हाणीघराला आहे तसली कडी काढ. सकीनाबेनने एक क्षण डोळे मिटले, मग खालच्या तिसऱ्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळेची जुनी कडी काढून दिली. असल्या कड्या येणं केव्हाच बंद झालं होतं. ही एक राहिली होती.

"खाली बसवलीय ती," हातिमभाई चपला घालता घालता म्हणाले. "तुझ्या आईची उंची कमी होती. तिचा हात सहज पोचावा म्हणून अण्णांनी कमरेइतक्या उंचीवर बसवून घेतली. बसल्या बसल्या त्यांचा हात जाईल. चल."

पहार त्यांनी दिली नाही.

निकमांचं घर दोनशे पावलांवर. वाटेत हातिमभाईंनी एकच गोष्ट विचारली, दाराला पाठ करून बसलं तर नळ कोणत्या बाजूला येतो. सुहासने सांगितलं, डाव्या.

न्हाणीघरापाशी आल्यावर सुहासने हाका मारायला सुरुवात केली. अण्णा, कडी काढा. अण्णा, जोर लावा. आतून कडी खडखडत होती. अण्णा ती नुसतीच ओढत होते. मग खडखड थांबली, आणि आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता. सुहासने वडिलांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तेहतीस वर्षं खांबांवर चढले होते.

हातिमभाईंनी सुहासला हाताने मागे सारलं.

मग ते खाली बसले. फरशी ओली होती, तरी बसले. दाराला पाठ लावून, पाय पसरून. आत अण्णा जसे बसले असतील तसे. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला; अण्णांचा तोच हात झटक्यात गेला होता. डाव्या हाताने ती पितळेची कडी खांद्यामागे दारावर धरली आणि डोळे मिटून घेतले.

"अण्णा," ते म्हणाले. "हातिम आलोय. तुमच्या पाठीला पाठ लावून बसलोय. घाई नाही."

आतला आवाज हळूहळू कमी झाला.

हातिमभाई खांद्यामागची कडी चाचपत होते. बोटांनी तिची मूठ वर उचलायला बघत होते. निसटली. पुन्हा निसटली. सत्तरीचे ते हात, आणि त्यात डावा. सुहासला ओरडावंसं वाटत होतं. आत वडील पडलेत आणि हा माणूस डोळे मिटून स्वतःच्याच पाठीमागे काय शोधतोय?

तिसऱ्यांदा निसटली.

"अण्णा, बोटांनी होत नाही हो," हातिमभाई म्हणाले. "मलापण होत नाहीये. थांबा जरा."

आतून एक बारीकसा हुंकार आला.

आणि मग हातिमभाईंचा हात वळला. बोटं सोडून त्यांनी तळहाताची खालची कड मुठीखाली लावली आणि वर लोटली. मूठ खाचेतून सुटली. कडी सरकली.

त्यांनी ती पुन्हा बंद केली. पुन्हा उघडली. मग सांगितलं, एकेक शब्द वेगळा करत, "तळहात. खालून. वर लोटा. लोटलं?... मग नळाकडे."

काहीच झालं नाही. कडी खडखडली आणि थांबली.

"माझीपण तीनदा निसटली," हातिमभाई म्हणाले.

सुहास भिंतीला टेकून उभा होता. त्याला आता कडीचा प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता. घासली. अडकली. उचलली गेली. पडली. पुन्हा उचलली गेली...

सरकली.

हातिमभाई लगेच उठले नाहीत. त्यांनी अण्णांना बसल्या बसल्या नळाच्या बाजूला सरकायला सांगितलं. सावकाश. आत कापड फरशीवर घासत गेल्याचा आवाज झाला. मग त्यांनी सुहासकडे बघून मान हलवली.

दार अलगद आत गेलं.

अण्णा भिजलेले होते, थंडीने कुडकुडत होते, कोपर सोलवटलं होतं. बाकी काही नव्हतं. सुहासने त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि तिथेच ओल्या फरशीवर त्यांना धरून बसला. त्याला श्वास घेता येत होता, सोडता येत होता, एवढंच पुरेसं वाटत होतं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते उघड्या कडीकडे बघत होते, आणि त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू होतं.

हातिमभाई तोवर निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सुहास दुकानात आला. आधी त्याने हात जोडले. मग खिशातून कागद काढला. माप लिहिलेलं होतं. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून लावायचं हँडल हवं होतं. आतली कडी त्याने सकाळीच स्क्रू काढून उतरवली होती. आता आतून लावायला काही नकोच, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको. अण्णा आत असतील तेव्हा तो दाराबाहेर उभा राहील.

हातिमभाईंनी कागद वाचला आणि परत दिला.

"अण्णांना विचारलंस?"

"त्यांच्यासाठीच करतोय चाचा."

"ते नाही विचारलं मी."

सुहास म्हणाला की काल काय झालं ते तुम्ही पाहिलंत, आता यात विचारायचं काय राहिलं? तो जरा चढ्या आवाजातच बोलला.

हातिमभाई काउंटरवरची सुतळी गुंडाळायला लागले.

"तुझे वडील दोनदा खांबावरून पडले," ते म्हणाले. "एकदा तर बरगडी मोडली. शिडी कुणी काढून नाही घेतली त्यांची."

"मग मला हँडल देणार नाही तुम्ही?"

"तू गिऱ्हाईक नाहीस. गिऱ्हाईक घेऊन ये."

सुहास रागाने घरी गेला. त्याने पुण्याच्या एका मित्राकडून तसलंच हँडल मागवायचं ठरवलं. काल याच माणसाने वडिलांना वाचवलं, हे त्याला आठवत होतं, त्यामुळे राग जास्तच येत होता.

पण त्या दिवशी अण्णांनी अंघोळ केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुहास पाणी काढून द्यायचा, अण्णा न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचे, जिथे कडी होती तिथल्या चार भोकांवर डावा हात ठेवायचे आणि परत खाटेवर जाऊन बसायचे. जेवणही कमी झालं. सुहासने समजावलं, चिडून पाहिलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला. त्याने काहीच समजावलं नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, काय हवंय तुम्हाला?"

अण्णांचे ओठ जुळत होते आणि सुटत होते. सुहासला शब्द सुचवावासा वाटला. त्याने सुचवला नाही.

"क...डी," अण्णा म्हणाले.

आणि मग, थोड्या वेळाने, "मी... आणतो."

झटक्यानंतरच्या आठ महिन्यांत अण्णा उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. लोकांनी आपलं तोंड बघावं हे त्यांना नको होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला. दोनशे पावलांना पाऊण तास लागला. ते दर दहा पावलांवर थांबत होते, आणि सुहास दर वेळी त्यांच्यासोबत थांबत होता. एरवी ज्या रस्त्याने तो मान खाली घालून झपाझप जायचा, तिथे त्याला चारजणांनी विचारलं, अण्णा बरे आहेत ना? अण्णांनी प्रत्येकाला स्वतः मान हलवून उत्तर दिलं.

हातिमभाईंनी त्यांना लांबूनच येताना पाहिलं, पण ते पुढे धावले नाहीत. सकीनाबेनने खुर्ची पुसून काउंटरपाशी ठेवली, आणि या निकमभाऊ, फार दिवसांनी, असं म्हणून ती आपल्या कामाला लागली. दुकानात तेल, रंग आणि नव्या दोराचा वास होता. अण्णांनी तो नाकभर ओढून घेतला.

हातिमभाईंनी एक फळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर त्यांनी पाच तऱ्हेच्या कड्या ठोकून ठेवल्या होत्या. जाड मुठीची, लांब दांड्याची, नुसत्या खटक्याची, आणखी दोन. अण्णांनी डावा हात पुढे केला.

पहिली कडी. मूठ जाड होती, पण खाच घट्ट होती. हात घसरला. सुहास पटकन पुढे झाला.

हातिमभाईंनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही. नुसतं धरून ठेवलं.

अण्णांनी तळहात खालून लावला. लोटला. खटक. कडी उघडली. त्यांनी ती लावली. पुन्हा उघडली.

सुहासच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला हसूही आलं. तो म्हणाला की हीच द्या, बांधून द्या.

अण्णांनी मान हलवली. नाही.

त्यांनी फळी स्वतःकडे ओढली आणि दुसऱ्या कडीवर हात ठेवला. ती उघडून पाहिली, लावून पाहिली, नाक मुरडलं. तिसरीचा स्क्रू नखाने खरवडून पाहिला आणि हातिमभाईंकडे असं बघितलं, की हे पितळ आहे की नुसता मुलामा? हातिमभाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, मुलामा. अण्णांनी ती बाजूला केली. त्यांची पाठ खुर्चीत ताठ झाली होती. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती, त्यांनाही घाई दिसत नव्हती. त्यातला एकजण वाकून, चौथी बघा अण्णा, ती चांगली वाटते, असं सांगत होता.

घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. सुहास हातिमभाईंच्या कानाशी वाकला.

"चाचा, किती वेळ लावतील हे?"

हातिमभाईंनी त्याचं मनगट सोडलं.

"दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं."